गोट्याचा दाखला

४ सप्टेंबर १८६३ रोजी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटहून बोरीकडे घोड्यावरून परतत होते. पावसाळ्याचे दिवस, वाटेतला नाला भरून वाहत होता. ते पलीकडे पोहोचलेच नाहीत. नागपुरात ज्यांच्या नावाचे कॉलेज आहे तेच हे मिशनरी. टाकळघाटच्या माळावर मोठाल्या गोट्यांची वर्तुळे आहेत. ती उकरून पाहण्याचे काम चालू होते, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांचा मुक्कामही त्याच बाजूला होता, आणि हिस्लॉप ती वर्तुळे पाहायला गेले होते. विदर्भातल्या इतिहासपूर्व संशोधनाचा हा पहिला बळी म्हणायला हरकत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याकडच्या प्राचीन माणसाबद्दल लिहायचे तर सुरुवात नागपूरजवळच्या नाल्यापासून कशाला, असे कोणी विचारील. कागद तिथून सुरू होतो, म्हणून. गेल्या काही वर्षांत चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या नदीकाठांवरून प्राचीन हाडांच्या, दगडी हत्यारांच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. मथळ्यात बहुधा ‘आदिमानव’ असतो आणि पुढे हजारांत किंवा लाखांत एक आकडा असतो. तो आकडा कुठून आला, हे बातमीत सहसा नसते. ते कसे तपासायचे हे कळायला जुने कागद उपयोगी पडतात. या मुलखाचा प्राचीन माणूस कागदावर कोणी आणला, तो कोणत्या कामासाठी फिरत होता, त्याने काय लिहिले आणि कशाकडे पाठ फिरवली, हे एकदा नीट लावून घेतले की आजच्या बातम्यांचे वजन करता येते.

१८६३ हे साल मोठे गमतीचे. फेब्रुवारीत लंडनमध्ये चार्ल्स लायेल यांचे मानवाच्या प्राचीनत्वावरचे पुस्तक निघाले. माणूस बायबलच्या हिशोबापेक्षा फार जुना आहे, तो नामशेष झालेल्या प्राण्यांबरोबर राहत होता, हे त्यात भूविज्ञानाच्या आधाराने मांडले होते. ३० मे रोजी मद्रासजवळ पल्लावरम इथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना दगडाची हातकुऱ्हाड सापडली. हिस्लॉप गेले त्याच महिन्याच्या २८ तारखेला फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना अत्तिरंपाक्कमची हत्यारे मिळाली. नागपूरचे वस्तुसंग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, हाही त्याच सालचा. चार महिन्यांच्या अंतरात दक्षिणेत एक माणूस दगडी हत्यार ओळखतो आणि विदर्भात दुसरा माणूस शिळावर्तुळांपायी जीव गमावतो. दोघांनाही भूविज्ञानाचे वेड होते. पण हाती लागलेल्या गोष्टींत लाखो वर्षांचे अंतर आहे याची कल्पना तेव्हा कोणाला असणार!

हिस्लॉप यांचा हात चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, पोहोचला होता. नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगलीहून मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीवर रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये निबंध लिहिला. वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याचे जीवाश्म गोळा करणाऱ्या पहिल्या लोकांत हिस्लॉप होते. तिथल्या हाडांवरून पुढे डायनासोरच्या जातीचे नामकरण झाले. त्यांच्या मृत्यूनंतर टेम्पल यांनी त्यांचे आदिवासींविषयीचे टिपण १८६६ साली छापून काढले. म्हणजे एकाच माणसाच्या दप्तरात कोट्यवधी वर्षांची हाडे, शिळावर्तुळे आणि जिवंत गोंड समाजाची गाणी-कथा अशी सगळी सामग्री शेजारी शेजारी होती. त्या काळाच्या अभ्यासकांना हे शेजार खटकत नसे. जंगलात राहणारा माणूस म्हणजे प्राचीन माणसाचा उरलेला नमुना, हे त्यांनी गृहीतच धरले होते. ज्या गोंड राजांनी चांद्याचा परकोट बांधला, त्यांच्या वंशजांना अश्मयुगाच्या खात्यात टाकणे हा निव्वळ आळस होता. खेदाची गोष्ट म्हणजे आजही प्राचीन दगडांच्या बातमीत कोणी तरी ‘इथल्या आदिवासींचे पूर्वज’ हे शब्द सहज घालून देतो.

पुढचा कागद महसुलाचा. मेजर सी. बी. ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमीन-महसूल बंदोबस्ताचा अहवाल १८६९ साली तयार केला आणि चार्ल्स ग्रँट यांचे मध्य प्रांताचे गॅझेटिअर १८७० साली निघाले. या दोन्हींतला ‘चांदा’ म्हणजे आजचे एकट्या चंद्रपूरचे क्षेत्र नव्हे. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधीच्या कागदात चामोर्शी, मार्कंडा, वैरागड सगळे चांद्यातच. सिरोंचाकडचा भाग तर १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी नावाच्या वेगळ्याच जिल्ह्यात होता. पोंभुर्ण्याच्या आसपासचा मुलूख शोधायचा तर तालुक्याच्या नावाने शोधून भागत नाही. घाटकूळ परगणा उघडावा लागतो. घाटकूळ आज पोंभुर्णा तालुक्यातले वैनगंगेकाठचे गाव आहे, तेव्हा ते परगण्याचे नाव होते. स्पेलिंगांचा घोळ वेगळाच. हे माहीत नसलेला वाचक जुन्या अहवालातली चामोर्शीची नोंद चंद्रपूर तालुक्यात शोधत बसतो.

बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याला काय पाहायचे असते? जमीन, तलाव, बोड्या, धान, जंगलाचे उत्पन्न, लोखंड गाळणारे किती, मालगुजार कोण. तो अगदी बारकाईने पाहतो, पण त्याच्या कामाचे तेवढेच. भूवैज्ञानिक आले ते कोळशासाठी. थिओडोर ह्यूजेस यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळसाक्षेत्रावरचा ग्रंथ १८७७ चा. वरोऱ्याची खाण त्याआधीच सुरू झाली होती. त्यांचे लक्ष खालच्या गोंडवन खडकांवर, त्यावर नदीने टाकलेल्या गोट्या-रेतीच्या थरांवर ओझरते. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम आणि त्यांचे सहायक जे. डी. बेग्लर १८७३ ते १८७५ च्या दरम्यान या भागात फिरले. त्यांनी भांदक पाहिले, मार्कंडा पाहिले, देवटेकचा शिलालेख पाहिला. कनिंगहॅम यांच्या डोक्यात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग होता; त्याने वर्णिलेल्या कोसलाची राजधानी इकडे कुठे बसवता येते का, हा त्यांचा प्रश्न. मंदिर, लेणी, लेख, नाणी म्हणजे पुरातत्त्व. नाल्याच्या काठावर पडलेला, एका बाजूने टवके काढलेला क्वार्ट्झाइटचा गोटा त्यांच्या पुरातत्त्वात बसतच नव्हता.

याचा अर्थ त्या काळी गोटा कोणीच पाहत नव्हते असा नाही. १८६५ साली भूवैज्ञानिक विन यांना गोदावरीच्या काठी पैठणजवळच्या मुंगी इथे, नामशेष प्राण्यांची हाडे असलेल्या थरात अकीकाचे एक पाते मिळाले. १८७२ साली हॅकेट यांना नर्मदेकाठी भुत्रा इथे हातकुऱ्हाड मिळाली आणि मेडलिकॉट यांनी पुढच्या वर्षी तिची माहिती छापली. भुत्र्याच्या त्या एका दगडाचे महत्त्व अजून टिकून आहे, कारण तो काठाच्या पोटातून, थरातून काढलेला होता आणि कुठल्या थरातून ते लिहून ठेवले गेले. नदीच्या पात्रात मोकळी पडलेली शंभर हत्यारे त्याच्यापुढे फिकी पडतात.

नेमकी याच्या उलट गोष्ट वैनगंगेच्याच वरच्या खोऱ्यात घडली. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियात गुरे चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. त्यांनी ओढला, मग उकरले, आणि एका लहानशा खड्ड्यातून तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या. वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचारशे किलोच्या वर. सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे. काही गोल, काही शिंगे असलेल्या बैलाच्या तोंडासारखे. भारतातल्या ताम्रनिधींत इतका मोठा साठा दुसरा नाही. आणि त्याची तारीख? आजही ती बाकीच्या ताम्रनिधींशी आकार ताडून सांगितली जाते, ढोबळमानाने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातली. खड्ड्यात सोबत कोळशाचा तुकडा होता का, खापर होते का, मातीचा रंग काय होता, हे पाहायला तिथे कोणी नव्हते. वस्तू वाटल्या गेल्या, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. मौल्यवान सारे राहिले, फक्त साक्ष गेली.

गुंगेरियाचे नाव काढले की आपल्याकडचे उत्साही लोक ताबडतोब ठाणेवासन्याकडे बोट दाखवतात. पोंभुर्णा तालुक्यात ठाणेवासना इथे तांब्याचे साठे आहेत, हे भूवैज्ञानिकांनी नोंदवले आहे. वर तांब्याची हत्यारे, खाली तांब्याची खाण, मध्ये एकच नदी. मग जोडून टाका! जोडता येईल, पण त्यासाठी गुंगेरियाच्या तांब्यातली शिशाची समस्थानिके आणि ठाणेवासन्याच्या धातुकाची समस्थानिके जुळवून दाखवावी लागतील. जुन्या खाणकामाच्या जागी त्या काळातला राखेचा थर मिळावा लागेल. त्याशिवाय केलेली जोड म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मारलेली रेघ.

आता दगडी थडग्यांकडे. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांत चांदा जिल्ह्यातल्या चामोर्शी आणि वाघनख इथल्या प्राचीन दगडी थडग्यांचा उल्लेख येतो. चामोर्शी म्हणजे पोंभुर्णा तालुक्यातून वैनगंगा ओलांडली की पलीकडचा प्रदेश. नागभीडच्या बाजूलाही शिळावर्तुळे आहेत. ही सगळी टाकळघाट-जुनापाणीच्या कुळातली. जुनापाणीची वर्तुळे जे. एच. रिवेट-कार्नॅक यांनी उकरली आणि १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. वर्तुळाच्या गोट्यांवर ठोकून काढलेल्या वाटीसारख्या खळग्या त्यांनी पाहिल्या, इंग्लंडमधल्या थडग्यांवरही तशाच खळग्या असतात हे त्यांना आठवले, आणि दोन्हीकडची माणसे एकाच मुळाची असावीत असा तर्क त्यांनी लढवला. निरीक्षण चोख, निष्कर्ष हवेतला. खळग्यांची जागा आणि आकार त्यांनी लिहून ठेवला, म्हणून आज त्यांचा तर्क बाजूला सारून त्यांचा कागद वापरता येतो. चांगल्या नोंदीचा हाच फायदा: लिहिणारा चुकला तरी वाचणाऱ्याचे अडत नाही.

हिस्लॉप ज्या वर्तुळांपायी गेले त्यांचे वय कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. काळी-तांबडी खापरे, लोखंडी अवजारे, मणी, आणि शेजारी त्या माणसांची वस्ती. पुढे माहूरझरीला घोड्यांचे तांब्याचे साज मिळाले आणि नैकुंडला १९७८ ते ८० च्या उत्खननात चक्क लोखंड गाळायची भट्टी सापडली. कार्बन-१४ पद्धतीने ही मंडळी ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या मध्याच्या आगेमागे येतात. म्हणजे सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षे. घोड्यावर बसणारी, लोखंड गाळणारी, मेलेल्यांना मानाने पुरणारी माणसे. शरीराने तुमच्या-आमच्यासारखीच. त्यांना हातकुऱ्हाडवाल्या माणसाच्या ओळीत बसवून दोघांनाही ‘आदिमानव’ म्हणणे म्हणजे शिवाजी महाराज आणि सातवाहन एकाच दरबारात बसवण्यापेक्षाही मोठी गफलत आहे.

हातकुऱ्हाडवाला माणूस या जिल्ह्यात होता याचा पुरावा चंद्रपूर शहराला लागूनच आहे. झरपट नाल्याजवळच्या पापामिया टेकडीवर १९६० च्या दशकात पुरातत्त्व सर्वेक्षणाला पुराश्मयुगाच्या पहिल्या टप्प्यातली हत्यारे मिळाली: हातकुऱ्हाडी, आणि रुंद सरळ धारेची, क्लीव्हर म्हणतात ती. तोपर्यंत पाहणारा डोळा बदलला होता. ह. धी. सांकळिया डेक्कन कॉलेजात १९३९ साली आले आणि नद्यांच्या काठाने पायी हिंडून थर वाचण्याची शिस्त त्यांनी एका पिढीला लावली. सर्वेक्षणाचे वार्षिक वृत्त १९५३-५४ पासून निघू लागले. त्यात जिल्हावार, गाववार, कोणत्या नाल्यात काय मिळाले याची दोन-चार ओळींची नोंद असते. फार कोरडे वाचन. पण कनिंगहॅम यांच्या जाडजूड खंडांत जे नाही ते या दोन-चार ओळींत आहे.

हत्यार आणि फुटका गोटा यातला फरक कसा ओळखायचा? उन्हाने, पाण्याने फुटलेला दगड कुठेही, कसाही फुटतो. माणसाने दुसऱ्या गोट्याने ठोकून टवका काढला की ठोक्याच्या जागेखाली एक छोटा फुगवटा राहतो आणि तिथून पाण्यावरच्या लाटांसारख्या वळ्या पसरतात. मूळ दगडावर त्याच्या उलट खोलगट खूण राहते. अशा खुणा एकामागून एक, दोन्ही बाजूंनी, एका ठरलेल्या आकाराकडे गेलेल्या दिसल्या तर मागे हात आहे. हातकुऱ्हाड तर पेराच्या फोडीसारखी, एका टोकाला निमुळती आणि दोन्ही कडांना धार. आणखी एक पाहायचे: धार. ती अजून बोटाला लागण्याइतकी असेल तर दगड जिथे पडला त्याच्या आसपासच राहिला. कडा गुळगुळीत झाल्या असतील तर नदीने त्याला लोळवत आणले. मग तो कुठला, कोणत्या काळचा, हे थर सांगणार नाही.

नदीकाठच्या सगळ्या प्राचीन शोधांची ग्यानबाची मेख इथेच आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर हातकुऱ्हाडी मिळाल्या. राखेचे वय काढता येते, त्यामुळे सगळे आनंदले. आधी वय निघाले चौदा लाख वर्षे. मग दुसऱ्या पद्धतीने पावणेसात लाख. मग राखेचे रसायन सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जुळते असे काहींनी दाखवले. दगड तेच, राख तीच, वादाचा मुद्दा एकच: ती राख आणि ती हत्यारे नदीने एकत्र आणली की मुळात एकत्र पडली? महाराष्ट्रातल्या सर्वांत काटेकोर अभ्यासलेल्या स्थळांपैकी एकाची ही कथा. मग कुठल्या तरी रेतीघाटावरून उचलून आणलेल्या गोट्याला कोणी एका दिवसात वर्षांचा आकडा चिकटवला तर तो आकडा किती मानायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नर्मदेकाठी हथनोऱ्याला ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना कवटीचा एक भाग सापडला. भारतात इतक्या प्राचीन मानवाचे हे जवळपास एकमेव ठोस अवशेष. सोनकिया यांनी त्याला होमो इरेक्टसच्या कुळात टाकले, नंतरच्या अभ्यासकांनी ते प्राचीन प्रकारचे होमो सेपियन्स मानले. वयावर एकमत नाहीच, कारण कवटी नदीने आणलेल्या गोट्यांच्या थरात होती. पण ज्या थरात मिळाली तो थर नोंदलेला आहे, त्यामुळे वाद घालायला निदान जमीन तरी आहे.

गेल्या पंधरा वर्षांत भारतातले चित्र बदलले ते अत्तिरंपाक्कममुळे. १८६३ साली फूट ज्या जागी गेले तिथेच शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खणले. २०११ साली त्यांनी तिथल्या हातकुऱ्हाडींचे वय सरासरी पंधरा लाख वर्षे काढले. २०१८ साली त्याच जागच्या वरच्या थरांचे वय प्रसिद्ध झाले: हातकुऱ्हाड सोडून टवक्यांची बारीक हत्यारे करण्याकडे वळण सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाले होते. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे होमो सेपियन्सचे सर्वांत जुने अवशेष सुमारे तीन लाख वर्षांचे आहेत. म्हणजे ते नवे तंत्र तामिळनाडूत आले तेव्हा ते कोणत्या मानवाच्या हातात होते, हा प्रश्न पार उघडा झाला. हाडे मिळाल्याशिवाय तो सुटणार नाही. पापामिया टेकडीच्या हत्यारांमागचा माणूस कोण, याचे उत्तरही याच प्रश्नाला बांधलेले आहे.

वरच्या थरांचे हे वय काढतात कसे ते पाहण्यासारखे आहे. रेतीतल्या क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या कणांवर ऊन पडले की त्यांच्यात साठलेली ऊर्जा निघून जाते. कण गाडला गेला, अंधारात गेला, की आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्सर्गाने ती पुन्हा हळूहळू साठू लागते. प्रयोगशाळेत ती मोजायची, म्हणजे कणाने शेवटचे ऊन कधी पाहिले ते कळते. त्यासाठी नमुना अंधारातच घ्यावा लागतो. खणलेल्या भिंतीवर पोलादी नळी आडवी ठोकतात, बाहेर काढताच दोन्ही टोके काळ्या झाकणांनी बंद करतात आणि प्रयोगशाळेत मंद लाल उजेडातच उघडतात. नळीशेजारची माती वेगळी घेतात, किरणोत्सर्ग मोजायला. म्हणजे या पद्धतीत वय गोट्याचे निघत नाही. गोटा ज्या रेतीत होता त्या रेतीचे निघते. गोटा रेतीतून उचलला, धुतला, शोकेसमध्ये ठेवला, की त्याच्या वयाचा दाखला देणारे कार्यालयच बंद झाले.

२०२४ साली वर्धा आणि पैनगंगेच्या संगमाजवळ स्टेगोडॉन गणेसा या नामशेष, हत्तीसारख्या प्राण्याचे जीवाश्म मिळाल्याची बातमी आली. चंद्रपूरचे सुरेश चोपणे यांनी ते उजेडात आणले. वय सुमारे २५ हजार वर्षे सांगितले गेले. चोपणे यांनी चंद्रपुरात स्वतःचे दगड-जीवाश्मांचे संग्रहालय उभे केले आहे आणि सरकारी यंत्रणा जिथे पोहोचत नाही तिथे ते पोहोचतात, याबद्दल या जिल्ह्याने त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण स्टेगोडॉन गणेसा हे नाव १८४० च्या दशकात फाल्कनर आणि कॉटली यांनी शिवालिक डोंगरातल्या जीवाश्मांवरून दिले, आणि हा प्राणी बहुधा २५ हजार वर्षांपेक्षा खूप जुन्या थरांत मिळतो. तो इथे २५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत तगला असेल तर ती भारतभर महत्त्वाची गोष्ट ठरेल. तेवढ्या मोठ्या गोष्टीला हाडाच्या थराचे थेट काढलेले वय हवे. मी तो आकडा सध्या पेन्सिलने लिहून ठेवीन.

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट, भंडारा करीत इथवर येते आणि खाली चपराळ्याच्या बाजूला वर्धेला मिळून प्राणहिता होते. पोंभुर्ण्याकडून अंधारी तिला मिळते. पश्चिमेला पापामिया टेकडी, पूर्वेला नदीपलीकडे चामोर्शीची थडगी, वर गुंगेरिया. या तिन्हींच्या मधल्या काठावर प्राचीन माणूस वावरला असणार, हे मानायला फार धाडस लागत नाही. पाणी बारमाही, हत्यारांना दगड पायाखाली, शिकार भरपूर. पण ‘असणार’ला इतिहासात किंमत नाही. पुरावा मिळायचा तर तो जंगलाच्या गर्द भागात मिळणार नाही, तिथे पालापाचोळ्याखाली काही दिसत नाही. जिथे नाल्याने काठ कापला आहे, शेततळे खोदले आहे, रोजगार हमीचा नाला-सरळीकरणाचा चर आहे, मुरमाची खदान आहे, अशा ताज्या कापलेल्या मातीत तो दिसेल. आणि जास्तीत जास्त वेगाने नष्टही तिथेच होईल. रेतीघाटावर पोकलेन लावून काठ खरवडला की हजारो वर्षांचे थर एका रात्रीत ट्रकमध्ये चढतात. गोसीखुर्दपासून चिचडोहपर्यंत धरणे-बंधारे झाल्याने नदीचे वागणेही बदलले आहे. सिंचन नको असे कोणी म्हणणार नाही. पण कालव्याचा चर पाणी सोडण्याआधी एकदा एखाद्या जाणकाराने चालून पाहिला तर कोणाचे एक हेक्टर सिंचन कमी होणार नाही.

हे काम मोठ्या संस्थांवर टाकून मोकळे होता येत नाही. डेक्कन कॉलेज पुण्यात, पुरातत्त्व सर्वेक्षणाची प्रागैतिहासिक शाखा नागपुरात. दोन्हींची माणसे मोजकी. रोज नदीवर असतात ते ढिवर बांधव, गुराखी, रोजगार सेवक, वनरक्षक, शाळेतले मास्तर. गुंगेरियाची पोरेही गुराखीच होती. म्हणून पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी, चामोर्शीच्या वाचकांना विनंती आहे. कापलेल्या काठात टवके काढलेला गोटा किंवा दगडासारखे झालेले हाड दिसले, तर ते ओढून काढू नका. शेजारी एखादे नाणे किंवा पेन ठेवून फोटो काढा. एक जवळून, आणि एक लांबून, पूर्ण काठ दिसेल असा. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, गावाचे नाव, गट नंबर, वरून किती हात खाली, माती तांबडी की काळी की गोट्यांची, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव एका कागदावर लिहा. तो कागद तहसील कार्यालयात द्या, एक प्रत नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला पाठवा, आणि एक स्वतःजवळ ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, तिचा परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि पोकलेन आधीच सुरू असेल, तर फोटो आधी काढा, फोन नंतर करा.